दोन युरोंची बक्षिसी

मला टिप मिळाली. दोन युरो. स्पेनमधल्या पुबोल गावी, चित्रकार दालीची बायको गाला हिच्या किल्ल्याच्या बागेत, सिमेंटच्या काटकुळ्या पायांच्या हत्तींसमोर.

चूक माझीच. एक मराठी काका काकूंना विचारत होते, "हे चर्च आहे का गं?" आणि मला मधे तोंड घालायची खाज!

मुळात पुबोलला पोचणं हेच एक काम. बार्सिलोनाहून हायस्पीड गाडीत बसलात तर फसलात, ती जिरोनाहून थेट फिगेरेस गाठते. साधी गाडी धरून फ्लासाला उतरायचं, पुढे चारेक किलोमीटर टॅक्सी, आणि ती स्टेशनाबाहेर उभी असेलच असं नाही. ऐन हिवाळ्यात जाऊच नका, किल्ला बंद असतो. एवढं करून आलेल्या माणसाला शांतपणे बघू द्यावं की नाही?

"साल्वादोर दालीने १९६९मध्ये हा पडका किल्ला बायकोसाठी घेतला," मी सांगितलं. "पण तिची अट होती. तिच्या लेखी आमंत्रणाशिवाय त्याने इथे पाऊल टाकायचं नाही."

काका थबकले. "पैसे याचे?"

"हो."

"डागडुजी याची?"

"हो. छतावरचं चित्रसुद्धा."

"आणि यानेच विचारून यायचं?"

"विचारून नाही. बोलावणं आलं तरच."

काकूंनी पर्समधून चष्मा काढला आणि किल्ल्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "खोल्या किती आहेत हो?" हे मला. काकांना नाही.

मग खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर. गालाला ते डोळ्यांसमोर नको होते. दालीने त्यांच्यापुढे झाकणं बसवली आणि झाकणांवर रंगवलं काय, तर रेडिएटरच! अगदी हुबेहूब.

"मग झाकले कशाला?" काका.

"सांगितलेलं काम हेही अस्संच करतात," काकू.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "म्हणजे ही त्याची प्रेरणा, नाही का?" हा शब्द मला टोचतो. करार, पैसे, कुठलं चित्र कुणाला विकायचं, सगळं बघणारी ही बाई. दाली कित्येक चित्रांवर 'गाला साल्वादोर दाली' अशी सही करायचा, आणि आपण तिला प्रेरणा म्हणून मोकळे. घर ओढणाऱ्या बाईला गृहलक्ष्मी म्हटलं की हिशेब मिटतो, तसंच हे. मी हे जरा चढ्या आवाजात बोललो असेन. काका घड्याळ बघत होते.

तळघरात दोन कबरी शेजारी शेजारी. गाला १० जून १९८२ला पोर्तलिगातच्या घरी वारली, तिला कॅडिलॅकमधून इथे आणलं. मग दाली इथेच येऊन राहिला. १९८४मध्ये त्याच्या खोलीला आग लागली आणि त्याला फिगेरेसला हलवलं. १९८९मध्ये पुरलंही तिथेच. इथली दुसरी कबर रिकामी.

"शेवटचं बोलावणं आलं नाही वाटतं," काका म्हणाले. मला हसू आलं, त्याचाही राग आला.

बागेत आल्यावर त्यांनी खिसा चाचपला. "तुमचे किती?"

"अहो, मीही तिकीट काढूनच आलोय!"

"असू दे, असू दे," म्हणत नाणं मुठीत कोंबलं आणि निघाले. काकू मात्र मागे वळून किल्ल्याकडे बघत होत्या.

वरच्या माळ्यावर गालाचे पोशाख मांडलेत. ते बघायला वळलो, तर बंद व्हायची वेळ झाली होती. तिकीट दोन युरोंहून बरंच महाग होतं.