मेथीच्या वाफ्यात परत तेच!
रविवारी शेणखत घालून, माती भुसभुशीत करून मेथी पेरली. आज बघते तर वाफा उकरलेला आणि मधोमध मांजराची घाण! या महिन्यात चौथ्यांदा. संत्र्याची सालं टाकून झाली, कॉफीचा चोथा झाला. मिरचीपूड तर पाणी घातलं की वाहून जाते. मांजरांना मोकळी, कोरडी मातीच लागते. शेजारच्या काकू रोज दूधपोळी घालतात आणि घाण मात्र मी उपसायची! त्यातून टॉक्सोप्लाझ्मा या, पोटातल्या बाळालाही धोकादायक अशा सूक्ष्म परजीवीची लागण होऊ शकते, मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, आणि आमच्या सुनेला सातवा महिना आहे. आता वाफ्यावर तारेची जाळीच अंथरणार. पण काकू, तुमच्या अंगणात वाळूचा एक कोपरा करा ना त्यांच्यासाठी!