कावळ्याला बसवलं कुठे?

पुराणकथा आणि लोककथांच्या एका ऑनलाइन वर्गाची फी मी भरली, तीही सवलत संपायच्या आत, धावतपळत. वर्ग आठवड्यातून एकदा. पण व्हॉट्सॲपवर ‘आजची सूचना व प्रेरणा’ रोज पहाटे साडेपाचला. उगवता सूर्य, कमळ, आणि कोपऱ्यात मॅडमचा फोटो. त्याला अंगठा दिला की हजेरी लागते. माझी आजी प्रौढ साक्षरता वर्गाला जाऊन अंगठा सोडून सहीवर आली होती. नात पैसे मोजून परत अंगठ्यावर.

परवाची प्रेरणा चिमणी-कावळ्याची. ‘कावळ्याचं घर शेणाचं, वाहून गेलं. चिमणीचं मेणाचं, टिकलं. बोध : पाया पक्का, भविष्य पक्कं.’ मी एवढंच लिहिलं, की मॅडम, ही चिमणी ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ करत त्या भिजलेल्या जिवाला दारात ताटकळवते आणि शेवटी तापलेल्या तव्यावर बसवते. यातून प्रेरणा नेमकी कसली घ्यायची?

मॅडम गप्प. नाशिकचे एक काका मात्र जागे झाले.

‘तवा नाही. चूल.’

‘आमच्याकडे तवा होता, काका.’

‘तव्यावर पोळी करतात. मूळ गोष्टीत चूल आहे.’

‘मूळ गोष्ट लिहिली कुणी?’

‘आमच्या आईने.’ मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. ‘म्हणजे सांगितली. लिहायला तिला सवड कुठे होती?’

तेवढ्यात साताऱ्याच्या ताई म्हणाल्या, आमच्यात कावळा शेवटपर्यंत बाहेरच. डोंबिवलीच्या एकीकडे तर चिमणीने त्याला पुसून खीर दिली. काका खवळले. ‘खीर? ती पितृपक्षात!’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा फी वसूल झाल्यासारखं वाटलं. घर बदललं की कावळ्याची बसायची जागा बदलते, लोककथा म्हणतात ती हीच की! महाभारताचीही यातून सुटका नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं, ते १९६६ साली पुरं झालं. पोथ्या ताडून पाहिल्या, पाठभेद पानाच्या तळाशी छापले. कुणाची पोथी ‘विषयांतर’ म्हणून फेकली नाही.

आणि आमच्याकडे? मागे एकदा प्रेरणा आली होती, ‘द्रौपदीसारखी जीभ सैल सोडू नका.’ का, तर ती दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली. त्या आवृत्तीतलं सभापर्व उघडा : दुर्योधन पाण्यात पडल्यावर भीम हसतो, बाकीचे हसतात, पण हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाहीच. न बोललेल्या वाक्यापायी बाई बदनाम, आणि जीभ आवरायचे धडे आम्हाला, तेही दात घासायच्या आधी. मी तेव्हा मुकाट्याने अंगठा दिला होता, त्याचा राग अजून आहे.

तर परवा काका व्हॉइस नोट रेकॉर्ड करत असतानाच सूचना आली : ‘कृपया नकारात्मकता टाळावी.’ माझा प्रश्न डिलीट, ग्रुपला कुलूप. आता फक्त ॲडमिन लिहिणार. भांडारकरांना सत्तेचाळीस वर्षं लागली. इथे माझा चहासुद्धा उकळला नव्हता.

आजची प्रेरणा ‘मतभेदांचा आदर’. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला, हजेरी भरली नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि फी परत मिळत नाही.

काकांचा मला खासगीत मेसेज आलाय : ‘चूलच.’