जुन्या बॉक्सस्टरची बॅटरी ‘आपोआप’ उतरत नाही

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरू लागतो. कुणीतरी हौसेने सेकंडहँड पोर्शे बॉक्सस्टर घेतलेली असते. आठवडाभराने किल्ली फिरवावी तर गाडी हूं की चूं करत नाही. मग त्याला हा सल्ला मिळतो: जुन्या जर्मन स्पोर्ट्स गाड्यांची बॅटरी उतरतेच, तो त्यांचा स्वभाव; नवी, जास्त अँपिअर-अवरची (म्हणजे जास्त वीज साठवणारी) बॅटरी टाका; रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा; चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर (बॅटरी भरणारं जनित्र) तपासा; किल्ली फिरवल्यावर टकटक आवाज आला तर स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला समजा; आणि बॅटरी पार मेली तर, ती असते ती पुढची डिकी फोडण्यावाचून इलाज नाही. माझ्याकडे 2003 ची बॉक्सस्टर आहे, 986 या पहिल्या मालिकेतली. हाच सल्ला ऐकून मी दोन बॅटऱ्यांचे पैसे घालवले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘स्वभाव’. उभी गाडी थोडी वीज खाते हे खरं आहे. अलार्म, इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा), रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ हे सगळं जागं असतं. पण किती खाते, ते मोजता येतं. सगळं ठीक असेल तर साधारण 40 मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला जेमतेम 1 अँपिअर-अवर. 70 अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी त्या हिशेबाने निम्मी व्हायला महिन्याहून जास्त लागतो. आठवडाभरात गाडी बंद पडते तेव्हा कुणीतरी वीज चोरत असतं. माझ्या गाडीत आकडा 400 मिलिअँपिअर निघाला. दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर! चौथ्या दिवशी निम्मी बॅटरी रिकामी. यात स्वभावाचा काय दोष?

मोजणं अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मल्टिमीटर लावायचा, 10 अँपिअरच्या खाचेत. डिकी उघडी असल्याने दिवा जळत राहतो, म्हणून तिचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं (झाकण लावण्याआधी ते पुन्हा सोडायला विसरू नका). गाडी लॉक करून निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं, कारण सगळे कंट्रोल युनिट झोपी जायला वेळ लागतो. घाईत घेतलेला आकडा फसवतो. मीटर मधे असताना चुकूनही सेल मारू नका. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे.

हा चोर बरेचदा पोर्शेचा नसतोच. आधीच्या मालकाने बसवलेला स्टिरिओ असतो, किंवा विम्यासाठी लावलेला ट्रॅकर, ज्याची वर्गणी कधीच संपली पण जो अजून वीज पितोय. 986 मध्ये इग्निशन स्विचचा विजेचा भागही झिजतो. मग किल्ली काढली तरी काही सर्किट चालूच राहतात. तो भाग स्वस्त आहे.

माझ्या गाडीत मात्र पाणी होतं. कापडी छताचं पाणी वाहून जायला मागे दोन्ही बाजूंना नळ्या असतात. त्यात पानं अडकली की पाणी आत येऊन गालिच्याखाली साचतं, आणि नेमक्या त्या सखल जागी, सीटखाली, अलार्म-इमोबिलायझरचा डबा बसवलेला आहे. डबा भिजला की गाडी झोपत नाही, बॅटरी उतरते, लॉक वेड्यासारखे वागतात, आणि शेवटी गाडी सुरूच होत नाही. तो बदलायचा तर गाडीशी कोडने जुळवावा लागतो, म्हणून खर्च मोठा. माझा डबा वेळेत वाळवल्याने वाचला. गालिचा ओला लागला तर आधी किल्ली फिरवू नका. डबा काढून वाळवा. नळ्या साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी उत्तम. जोराची हवा मारली तर आतली नळी निसटते. मुंबई-पुण्यात छत उघडणारी गाडी असेल तर हे जूनच्या आधी करा.

मोठी बॅटरी टाकल्याने काय होतं? चोराला जास्त दिवस पुरेल इतका माल मिळतो. शिवाय ती तळाच्या क्लँपमध्ये नीट बसली पाहिजे आणि तिची वायू बाहेर सोडणारी नळी जोडली पाहिजे. बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. माझी पहिली नवी बॅटरी अशीच वर्षभरात गेली.

रोजच्या पाच मिनिटांबद्दल थोडं प्रामाणिकपणे बोलायला हवं. एका स्टार्टला फार वीज लागत नाही, ती भरून निघते. पण उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला तास लागतात, मिनिटं नव्हे. थंड इंजिन पाच मिनिटं चालवलं तर तेलात पेट्रोल उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून अर्धा-एक तास खरोखर चालवा, नाहीतर बॅटरी मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरून ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा.

चालू इंजिनवर वायर काढणं हे डायनॅमोच्या काळातलं आहे. आज त्याने व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळू शकतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. मीटर लावून बघा: इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट, आणि रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास. 12.2 म्हणजे बॅटरी निम्मी झाली.

टकटकीचंही तसंच. भराभर टकटक म्हणजे बहुधा बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. एकदाच ‘टक’ आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच), स्टार्टर किंवा जाड केबल. पुढच्या 987 मालिकेत स्टार्टरकडे जाणारी केबल आतून गंजते आणि इंजिन तापल्यावर सेल जड फिरतो. तिथे लोक उगाच स्टार्टर बदलतात. सेल मारताना केबलच्या दोन टोकांत अर्धा व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष केबलचा. आणि सेल जोमात फिरूनही गाडी पेटत नसेल, तर बॅटरीला सोडा, इमोबिलायझर किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) बघा.

राहिली डिकी. जुन्या 986 ना तिच्यासाठी तारेचा खटका आहे, त्यांना ही अडचण सहसा येत नाही. नंतरच्या गाड्यांत खटका विजेवर चालतो आणि बॅटरी त्याच डिकीत, म्हणून लोक घाबरतात. पण पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर येणारं एक लाल टोक याचसाठी दिलंय. त्याला दुसऱ्या बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडा, निगेटिव्ह दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला, आणि बटण दाबा. लॉक केलेली गाडी असेल तर अलार्म कोकलेल, किल्लीने बंद करा. या टोकावरून गाडी स्टार्ट करायला मात्र जाऊ नका. ती वायर फक्त झाकण उघडण्यापुरती आहे.