कवठाला औषध करू नका, फळ म्हणून खा

महाशिवरात्र जवळ आली की कवठाचे फॉरवर्ड सुरू होतात. मधुमेह पळतो, मुतखडा विरघळतो, रक्त शुद्ध होतं! मला याचा मनापासून राग येतो. एक तर त्यातला बराचसा मजकूर बेलफळाचा असतो, उचलून कवठाला चिकटवलेला. दोन्ही झाडं लिंबाच्या कुळातली, दोन्ही फळांची कवटी टणक, पण गर वेगळा आणि चवही वेगळी. दुसरं म्हणजे, कवठाने मधुमेह बरा होतो याला काहीही आधार नाही. असलं वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर?

खोटं बोलायची गरजच नाही, इतकं हे फळ चांगलं आहे. गरात ३ ते ५ टक्के पेक्टिन (जेली घट्ट करणारा तंतुमय पदार्थ) असतं, म्हणून तर कवठाची जेली वरून पेक्टिन न घालता घट्ट होते. हेच पेक्टिन पोटात पाणी धरून ठेवतं आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतं. बारीक बिया चावून खाल्ल्या तर त्यातलं तेल आणि प्रथिनंही मिळतात. कॅल्शियम आहे. 'क' जीवनसत्त्वासाठी मात्र पेरू आणि आवळाच खा. कवठ आंबट असलं तरी त्या बाबतीत ते त्यांच्या जवळपासही नाही.

कच्चं कवठ टॅनिनमुळे तुरट लागतं, घसा धरतं. घेताना फूटभर उंचीवरून फरशीवर टाकून बघा. उसळलं तर कच्चं, धप्पकन जागीच बसलं तर पिकलेलं. मग बत्त्याने फोडायचं, पिंगट गर काढायचा आणि गूळ, तिखट, मीठ, जिरं घालून चटणी वाटायची. गूळ बेताने. नरसोबाच्या वाडीची कवठबर्फी मलाही प्रिय आहे, पण ती मिठाई आहे, तिला पौष्टिक म्हणू नये.

खरी काळजी झाडांची आहे. बीपासून लावलेलं कवठ फळायला पंधरा-पंधरा वर्षं घेतं, आणि बांधावरचं जुनं झाड आपण सावली पडते म्हणून एका दुपारीत तोडतो. गणपतीच्या श्लोकात 'कपित्थ', म्हणजे कवठच, रोज म्हणायचं आणि झाडावर कुऱ्हाड चालवायची, हे मला पटत नाही. जागा असेल त्यांनी नर्सरीत कलमाची चौकशी करा, ते लवकर फळतं. आणि तुमच्या गावात कवठ अजून उभं असेल तर गाव-तालुका कमेंटमध्ये लिहा. बिया कुठून आणायच्या ते इतरांना कळेल.