पुंगळीचा बांध

दिवाळी आली की जिंतूरच्या आमच्या घरात माळ्यावरची पितळ खाली उतरते आणि चिंचेचा कोळ माझ्यापुढं येतो. यंदा घागर पाहूनच मी मागं सरकलो.

"अहो, काय करायलात? पितळ चावतंय का?"

चावतंच. 2023 च्या अधिक श्रावणापासून.

तेव्हा आम्ही टेक्सासला लेकीकडं होतो. अधिकात जावयाला वाण द्यायचं म्हणून हिनं इथून पीठ नेऊन तिथं 33 अनारसे तळले. जावईबापूंनी ते मनापासून खाल्ले आणि मला गॅरेजमध्ये नेलं. त्यांना शनिवारी रेंजवर रायफल चालवायचा नाद. उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या, असा तिकडं रिवाज. (आपल्याकडं 1959 चा शस्त्र अधिनियम. रानडुकरांनी भुईमूग उकरला तरी आपण पत्र्याचा डबाच बडवतो.) "जावई रात्री गॅरेजात दारू भरतात" हे लेकीच्या तोंडून ऐकल्यावर हिचा घास घशातच राहिला होता.

दारूला मला हात लावू दिला नाही. माझ्या वाट्याला आल्या रिकाम्या पुंगळ्या. तीनशे.

"मामा, तुम्ही जमीन मोजणीतले. हे काम तुमचंच."

जावयाला नाही म्हणायची आपल्यात सोय नाही, त्यात अधिक महिना.

काम ऐकायला सोपं. बार उडाला की पुंगळी फुगते. साच्यात दाबून तिला परत आवळली की पितळ पुढं सरकतं आणि मान लांबते. फार लांबली तर तिचं तोंड बंदुकीत पुढं चेपतं, गोळीला घट्ट धरतं आणि दाब नको तेवढा चढतो. म्हणून छाटायची. त्यांच्या .223 मापाच्या रायफलीच्या पुंगळीला जास्तीत जास्त 1.760 इंच लांबीची मुभा, छाटून करायची 1.750. मधलं अंतर पाव मिलिमीटर!

मी 31 वर्षं 33 फुटांची साखळी ओढली. साखळीखाली एक ढेकूळ आलं तरी याच्यापेक्षा जास्त फरक पडायचा, आणि ढेकळं तर पावलोपावली.

यंत्र दिसायला शेवयांच्या यंत्राचा धाकटा भाऊ. पुंगळी अडकवा, आवळा, दांडी फिरवा, किरर्र, सोडवा, व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजायची सरकपट्टी, लावा. 1.753. पुन्हा अडकवा. छाटून झालं की कडेला बर, म्हणजे पितळेची खरखरीत किनार, येते; ती एका अवजाराच्या या टोकानं आतून काढायची आणि त्या टोकानं बाहेरून. आतून जरा जास्त फिरवलं की कड सुरीसारखी. चाळिसाव्या पुंगळीला अंगठ्याला फोड आला, साठाव्याला मान धरली. हवा आमच्या मे महिन्यासारखी, आणि पंखा लावावा तर चुरा उडतो. रात्री जेवताना हिनं माझ्या कानामागून बोट फिरवलं, "अगं बाई, सोनं!" म्हणाली आणि मग पितळ आहे हे कळल्यावर बोट माझ्याच सदऱ्याला पुसलं.

दुसऱ्या दिवशी घात झाला. यंत्राचा अडसर धरणारा स्क्रू कधी ढिला झाला, कळलंच नाही. हात बसलाय अशा समजुतीत मी मोजणंही सोडलं होतं. सहज एक मोजली तर 1.741. मागची, 1.742. चांगल्या वीस पुंगळ्या. जन्मभर लोकांना बांध कोरू नका म्हणून सांगितलं आणि कोरला तो जावयाचा! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी कबुली दिली.

"असू द्या मामा," जावई म्हणाले. "थोडं आखूड चालतं. लांब नको."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहतच राहिलो. थोडं आखूड चालतं! नोकरीत हे वाक्य मला एकाही शेतकऱ्यानं, एकाही वकिलानं ऐकवलं नव्हतं. आमच्याकडं वीतभर कमी निघालं की आजा दावा टाकतो आणि नातू तारखेला जातो. मला त्या क्षणी वाटलं, इथंच मोजणीची नोकरी मिळाली असती तर माझी साखरही वाढली नसती.

निघताना जावयांनी तो व्हर्नियर मला भेट दिला. हिनं कौतुकानं तो गावात दाखवला, तीच चूक झाली. तेव्हापासून दर दिवाळीला चुलतभाऊ फराळाला येतो, दोन करंज्या खातो आणि म्हणतो, "दादा, तुमच्याकडं केसापेक्षा बारीक मोजायचं यंत्र आहे म्हणे. आपला मधला बांध एकदा मोजूनच टाकू."

यंदाही तो आत्ता फाटकाशी दिसतोय. व्हर्नियर ज्वारीच्या कोठीत, तळाला आहे. मी घागर ओढून घेतलीय आणि कोपरापर्यंत चिंचेत आहे.