वीस वर्षं रांगेत उभं करायचं आणि त्याला न्याय म्हणायचं?

शिकार करावी की करू नये, यावर ही पोस्ट नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो प्रश्न निकालात काढला आणि चांगलंच केलं. पण मी राहतो अमेरिकेतल्या कोलोरॅडोत. इथे १९१० च्या सुमाराला एल्क जेमतेम हजारभर उरले होते. (एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण अंगाने बराच थोराड प्राणी.) मग वायोमिंगहून आणून सोडले, शिकारीवर बंधनं घातली, आणि आज ते पावणेतीन लाखांच्या वर आहेत. या कामाला लागणारा पैसा बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून येतो: लायसन्सची फी, आणि बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा कर, जो १९३७ पासून वन्यजीवांच्या कामासाठी राखलेला आहे. म्हणून इथे वाद असतो तो वेगळाच. टॅग मोजके, मागणारे भरमसाट, तर द्यायचा कुणाला?

टॅग म्हणजे एका जनावराचा परवाना. कुठली जात, नर की मादी, कुठलं युनिट (म्हणजे शिकारीसाठी आखलेला विभाग), कुठला हंगाम, रायफल की धनुष्य, सगळं त्यात ठरलेलं. मागणी जास्त असेल तिथे ड्रॉ निघतो. इथवर आपल्या म्हाडाच्या सोडतीसारखंच. फरक पुढे आहे. म्हाडात यंदा नंबर लागला नाही तर पुढच्या वेळी पाटी कोरी, तुम्ही आणि नवा अर्जदार एकाच पायरीवर. कोलोरॅडोत एल्क, हरीण, प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा प्राणी) यांच्या ड्रॉमध्ये पहिल्या पसंतीचा टॅग मिळाला नाही की एक प्रिफरन्स पॉइंट जमा होतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला टॅग आधी.

ऐकायला किती छान! जो जास्त थांबला त्याला आधी. आपल्याकडच्या कुणालाही हे पटकन पटेल, कारण रांग मोडणाऱ्यांचा आपल्याला मनापासून राग. माझं म्हणणं एवढंच आहे की रांग न्याय्य ठरते ती पुढे सरकत असेल तर. ही सरकत नाही.

हिशोब करून बघा. समजा एका युनिटात वर्षाला २० टॅग आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ४०० माणसं उभी आहेत. नुसती तेवढी संपायला २० वर्षं लागणार. तोवर मागचेही दरवर्षी एकेक पायरी चढत राहणार, शिवाय मागून नवे येणारच. परिणाम असा की लागणाऱ्या पॉइंटांचा आकडा वर्षागणिक वर सरकतो आणि तुम्ही त्याच्यामागे धावत राहता. याला इथे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या २, १० आणि २०१ या एल्कच्या नावाजलेल्या युनिटांत वीसहून जास्त पॉइंट लागतात. कोलोरॅडोत बाराव्या वर्षापासून मोठ्या जनावराची शिकार करता येते. यंदा अर्ज भरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला २०१ चा टॅग कधी मिळेल? उत्तर बहुधा ‘कधीच नाही’ असं आहे, पण तिच्याकडून फी मात्र आजपासून घेतली जाते.

आणखी एक गंमत. अर्जात युनिटचा कोड भरतात तिथे ‘ई-पी-९९९-९९-पी’ असाही एक कोड टाकता येतो. ९९९ नंबरचं युनिट नकाशावर कुठेच नाही. त्याचा अर्थ, मला यंदा टॅग नकोच, फक्त पॉइंट द्या. म्हणजे शिकारीला न जाता रांगेतली जागा राखायची. वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या राज्यातल्या माणसाला जंगली मेंढ्याचा, म्हणजे बिगहॉर्नचा, नुसता पॉइंट वर्षाला १५० डॉलरला पडतो. त्यात ना बंदूक उचलायची, ना डोंगर चढायचा. राज्याच्या वन्यजीव खात्याला न छापलेल्या टॅगचे पैसे मिळतात, मग ही पद्धत बंद करायची घाई कुणाला असेल?

माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत. आयुष्यभर प्लंबिंगचं काम केलं, गुडघे कामातून गेले. त्यांच्याकडे एल्कचे इतके पॉइंट साठलेत की बहुतेक कुठल्याही युनिटात नंबर लागेल. अडचण अशी की त्यांना नातीला घेऊन जायचंय. कोलोरॅडोत दोघांनी मिळून अर्ज केला की ग्रुपमध्ये ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, तेच सगळ्यांचे धरतात. नातीचे पॉइंट दोन. म्हणजे आजोबांच्या साठ्याची किंमतही दोनच. (वायोमिंगमध्ये सरासरी काढतात, तिथे निदान काही हाती लागलं असतं.) गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये जुन्या रायफलीला तेल देता देता ते म्हणाले, “मी गेलो की हे पॉइंट माझ्याबरोबरच जाणार.” आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मलाच जास्त झोंबलं.

मग दुसरा रस्ता कोणता? बोनस पॉइंट. त्यात जुन्या माणसाला पहिला नंबर मिळत नाही, त्याच्या चिठ्ठ्या वाढतात. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करतात, दहा पॉइंट असले की शंभर चिठ्ठ्या आणि वर यंदाची एक. युटामध्ये निम्मे टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांना, निम्मे सोडतीने, आणि त्या सोडतीतही पॉइंटागणिक चिठ्ठ्या वाढतात. हे बरं आहे, पण रोग तोच, फक्त ताप कमी.

मला पटते ती आयडाहोची रीत. तिथे पॉइंटच नाहीत. मूस (एल्कच्याच कुळातला, त्याहून थोराड प्राणी), बिगहॉर्न किंवा पहाडी बकरा यांपैकी एकाला अर्ज केलात तर त्या वर्षी एल्क-हरणाच्या सोडतीत नाव घालता येत नाही, आणि टॅगची पूर्ण रक्कम अर्जाबरोबरच भरायची. नंबर नाही लागला तर ती परत. अर्जदार आपोआप निम्म्याने गळतात असं मी आकडा देऊन म्हणणार नाही, पण ज्याला खरंच जायचंय तोच अर्ज भरतो, एवढं उघड आहे. उलट उदाहरण आमच्याच घरचं: कोलोरॅडोने २०१८ मध्ये पूर्ण रक्कम आगाऊ भरायची अट काढली आणि मूस-बिगहॉर्नच्या अर्जांचा पूर आला.

यावर मित्र म्हणतात, गरिबाने दोन-अडीच हजार डॉलर काही महिने कसे अडकवायचे? मुद्दा खरा आहे. माझं उत्तर: राज्यातल्या रहिवाशांसाठी टॅगच स्वस्त असतो, त्यांना ही रक्कम झेपते. झळ बसते ती बाहेरच्यांना, आणि बाहेरून येणारा विमान, भाड्याची गाडी, गाइड यांवर त्याहून जास्त उडवतोच.

बाहेरच्यांना कमी टॅग आणि जास्त फी, हे मला मान्य आहे. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ यावरून माझ्याशी दरवर्षी भांडतो. त्याचं म्हणणं, शिकार होते ती बरीचशी जमीन केंद्राची, म्हणजे माझीही. जमीन तुझी रे बाबा, पण त्यावरचा एल्क राज्याचा. मोंटानाच्या एल्क लायसन्सवरून १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: बाहेरच्याला पंचवीसपट फी लावली तरी घटनेचा भंग नाही. २००५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा पक्का केला. एका बाबतीत मात्र मी मावसभावाच्या बाजूचा. वायोमिंगमधल्या संरक्षित रानात बाहेरचा माणूस एकटा भटकू शकतो, मासे धरू शकतो, तंबू ठोकून आठवडाभर राहू शकतो, पण मोठ्या जनावराच्या शिकारीला गेला की सोबत परवानाधारक गाइड किंवा स्थानिक रहिवासी हवाच. सुरक्षेचं कारण देतात. अस्वल माणसाच्या हातात बंदूक आहे की कॅमेरा हे बघून येतं का?

आणि सगळ्यात डोक्यात जातो तो लिलाव. बहुतेक पश्चिमी राज्यं दरवर्षी काही टॅग बोलीवर विकतात. मोंटानाचा बिगहॉर्नचा एक टॅग २०१३ मध्ये ४,८०,००० डॉलरला गेला. पैसा मेंढ्यांच्याच कामी येतो, हे मान्य. पण तोच टॅग रॅफलमध्ये, म्हणजे तिकिटं विकून सोडतीत, काढला, माणशी तिकिटांवर मर्यादा घातली, तर थोडा कमी पैसा येईल आणि प्लंबरलाही आशा राहील. तेवढा तोटा राज्याने सोसावा.

राहिला वर्षानुवर्षं थांबलेल्यांचा प्रश्न. त्यांचे पॉइंट एका रात्रीत पुसणं ही फसवणूक होईल, माझ्या शेजाऱ्यांच्या तोंडावर तरी मला ते म्हणता येणार नाही. नवे पॉइंट देणं आजच थांबवा. पुढची दहा वर्षं निम्मे टॅग जुन्या पॉइंटवाल्यांना, निम्मे सरळ सोडतीला. ग्रुपमध्ये सरासरी धरा. साठीनंतर पॉइंट नातवंडाच्या नावावर करता यावेत. दहा वर्षांनी उरले ते पॉइंट रद्द.

आयडाहो किंवा न्यू मेक्सिकोत राहून अर्ज भरणारं कुणी मराठी माणूस ओळखीत असेल तर टॅग करा (हा टॅग फुकट आहे). तिथली माणसं सोडतीवर खरंच खूश आहेत की तिकडेही बोंब आहे, ते प्रत्यक्ष ऐकायचंय.