ड्रायव्हर मोजून इन-इअरचा आवाज कळत नाही

स्वस्त इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला गेली काही वर्षे मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा : पाच हजार रुपयांच्या आतले सगळे इन-इअर मुळात सारखेच असतात, म्हणून ज्यात सर्वांत जास्त ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे भाग) असतील तो घ्यावा, कोणता सूर किती जोराने वाजतो हे दाखवणारा त्याचा आलेख ‘हारमन’ या प्रमाण मानल्या जाणाऱ्या रेषेशी जुळत असेल तर ऐकून पाहण्याची गरज नाही, आणल्यावर तो १०० तास वाजवत ठेवावा म्हणजे आवाज ‘खुलतो’, मग त्याला चांदीचा मुलामा दिलेली केबल लावावी, आणि खोक्यावर ४० किलोहर्ट्झ लिहिलेले असल्याची खात्री करून घ्यावी. गाणे शिकणारी, तबल्याचा रियाज करणारी, मर्यादित पैशांत पहिल्यांदाच नीट ऐकू पाहणारी मुले या सल्ल्यावर विसंबून खरेदी करतात, आणि नंतर ‘आपल्यालाच आवाजातले कळत नाही’ असे समजून गप्प बसतात. त्यांना कळत असते. सल्ला चुकीचा असतो, आणि तो कुठे चुकतो हे एकेक मुद्दा घेऊन सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी एक विसंगती नोंदवतो. सगळे इन-इअर सारखेच असतील तर ड्रायव्हर मोजण्याचे कारण उरत नाही, आणि आलेख जुळल्याने आवाज कायमचा ठरत असेल तर केबल बदलण्याचे कारण उरत नाही. हा सल्ला एकाच वेळी या दोन्ही गोष्टी सांगतो.

ड्रायव्हरांच्या संख्येचा मुद्दा सर्वांत जास्त पैसे वाया घालवतो, म्हणून तो पहिला. इन-इअरमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे ड्रायव्हर असतात. डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे पडदा आणि कॉइल असलेला छोटा स्पीकर. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रांतून आलेला अगदी लहान ड्रायव्हर. आर्मेचरची रचना अशी असते, की एका विशिष्ट पट्ट्यात त्याच्याकडून उत्तम काम करून घेता येते, पण खालपासून वरपर्यंत सगळे एकट्याने सांभाळणे त्याला कठीण जाते. म्हणून खर्जासाठी एक, मधल्या पट्टीसाठी दुसरा, वरच्यासाठी तिसरा अशी वाटणी केली जाते. म्हणजे एकाहून अधिक ड्रायव्हर ही एका अडचणीवरची तोड आहे, आणि ती तोड नव्या अडचणी आणते. कामाची वाटणी करणारे सर्किट लागते, प्रत्येक ड्रायव्हरपासून कानापर्यंत जाणाऱ्या नळीची लांबी सांभाळावी लागते, आणि जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथे दोघांच्या लहरी एकमेकींना मारक ठरणार नाहीत हे पाहावे लागते. हे नीट जमले नाही तर गायकाचा ‘आ’कार खालून वर जाताना मध्येच पोकळ होतो.

याउलट, हवाबंद बसलेल्या इन-इअरला खोलीभर हवा हलवायची नसते. कानाच्या नळीतली इवलीशी बंदिस्त जागा हाच त्याचा सगळा सभामंडप असतो, आणि तेवढ्यापुरता खर्ज निर्माण करायला एक साधा डायनॅमिक ड्रायव्हर पुरतो. सेनहायझरचा २०२१ साली आलेला आयई ९०० बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे १,३०० डॉलर होती, आणि त्याच्या प्रत्येक कानात ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे. एटिमोटिकचा १९९१ सालचा ईआर-४ एकाच आर्मेचरवर चालतो आणि अचूकतेचा मापदंड म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. दुसऱ्या टोकाला केझेड एएस१६ सारखा, एकेका कानात आठ-आठ आर्मेचर भरलेला इन-इअर त्यांच्या किमतीच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात मिळत आला आहे. संख्येवर गुणवत्ता ठरत असती तर हा क्रम उलटा लागला असता. ट्रूथइअर हेक्सामध्ये एक डायनॅमिक आणि तीन आर्मेचर आहेत आणि तो मला मनापासून आवडतो. पण त्याचे श्रेय त्या चौघांना ज्याने एका सुरात आणले त्या ट्युनिंगला आहे. चार ड्रायव्हर असलेले पण कानाला टोचणारे इन-इअरही मी ऐकले आहेत.

आता आलेख. या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कानाच्या पडद्यापाशी कोणती कंप्रता (सुराची उंची ठरवणारी कंपनांची गती) किती जोराने पोहोचते, हेच आवाजाच्या अनुभवाचे सर्वांत मोठे कारण असते, आणि आलेख तेच दाखवतो. कानाची उघडी नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते आणि तिच्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज निसर्गतःच १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक उचलला जातो. इन-इअर घातला की नळीचे तोंड बंद होते आणि ही उचल नाहीशी होते, म्हणून ती इन-इअरने भरून द्यावी लागते. जो ती देत नाही, त्याच्यातून गायक पडद्याआडून गात असल्यासारखा वाटतो. हारमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेऊन, लोकांना सरासरीने काय आवडते याची लक्ष्यरेषा तयार केली. इन-इअरसाठीची तिची २०१९ सालची आवृत्ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. हे मोलाचे काम आहे. स्वस्त इन-इअरचा दर्जा गेल्या काही वर्षांत इतका सुधारला, त्यात उत्पादकांसमोर अशी एखादी रेषा असण्याचा मोठा वाटा आहे.

पण ती रेषा सरासरीची आहे. कानावरून बसणाऱ्या हेडफोनवर याच संशोधकांनी केलेल्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना हारमनचे वळण आवडले. उरलेल्यांपैकी काहींना त्याहून जास्त बास हवा होता, काहींना कमी. दर तिघांतल्या एकाची आवड वेगळी निघत असेल, तर ‘रेषेशी जुळला, आता ऐकू नका’ हा निष्कर्ष त्या संशोधनातूनच निघत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आलेख तुमच्या कानात काढलेला नसतो. तो बहुतेक वेळा आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कृत्रिम कानात काढलेला असतो, आणि अशा कानावर सुमारे १० किलोहर्ट्झच्या वर भरवसा ठेवता येत नाही. त्याखालीही एक अडचण आहे. इन-इअरचे टोक आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जी बंद नळी उरते, तिचा स्वतःचा अनुनाद असतो. उरलेली लांबी २१ मिलिमीटर असेल तर तो सुमारे ८ किलोहर्ट्झवर येतो, १७ मिलिमीटर असेल तर १० किलोहर्ट्झवर. टिप (इन-इअरच्या टोकाची मऊ टोपी) जरा खोल गेली, जरा बाहेर राहिली किंवा नळीच लहान-मोठी असली, तर तो उंचवटा एवढा सरकतो. आता या पट्ट्यात काय असते ते पाहा : ‘स’ आणि ‘श’ यांची धार, तबल्याच्या चाटेचा टणकपणा, तंबोऱ्याच्या जवारीचा (तार घोडीला चाटून उमटणाऱ्या झंकाराचा) वरचा लखलखाट. म्हणजे एकच इन-इअर, एकच आलेख, आणि दोघांच्या कानांत वेगळी जवारी. हा कल्पनेचा खेळ नसून भौतिकशास्त्र आहे.

खालच्या टोकाला तर बसण्यातला दोष सगळेच उलटेपालटे करतो. टिपच्या कडेने हवेला किंचित वाट मिळाली की तळचा बास निघून जातो, मग आलेखात तो कितीही भरघोस असो. माझ्याकडचा एक इन-इअर मी दोन आठवडे ‘पातळ, निर्जीव’ म्हणून बाजूला ठेवला होता. डग्ग्याची मींड ऐकू यायची, पण तिच्यातली घुमक नव्हती. पुढे केवळ उजव्या कानात एक आकार मोठी टिप लावली आणि घुमक परत आली. दोन्ही कानांना एकाच आकाराची टिप बसावी असा काही नियम नाही, हे मला तेव्हा कळले. खोक्यातल्या सगळ्या टिप्स लावून पाहिल्याशिवाय कोणत्याही इन-इअरविषयी मत देऊ नये, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

आणि आलेखावर ‘जवळजवळ सारखे’ दिसणारेही कानाला सारखे असतातच असे नाही. १ ते ४ किलोहर्ट्झ या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलचा रुंद फरक कागदावर केसाएवढा दिसतो, पण याच पट्ट्यात आवाजाची जवळीक ठरते. २०२२ साली सुमारे २० डॉलरला आलेले तीन इन-इअर घ्या : मूनड्रॉप चू, सेव्हन हर्ट्झ सॉल्नोट्स झिरो आणि तांगझू वान-अर. तिघांतही प्रत्येक कानात १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे. चूचा कल वरच्या मध्यपट्टीकडे आणि ट्रेबलकडे आहे. स्त्रीस्वर आणि सतार त्यात पुढे येतात, पण जुन्या, खरखरीत ध्वनिमुद्रणांत तो थकवतो. झिरो मोकळा आणि नेटका आहे, बासमध्ये संयमी. वान-अर उबदार आहे, वरची धार बोथट करतो आणि खालच्या पट्टीला अंग देतो. एकाच वर्षी, एकाच किमतीत, एकाच मापाच्या एकेका ड्रायव्हरवर तीन वेगळे आवाज मिळतात. ‘पाच हजारांच्या आतले सगळे सारखे’ या विधानाला मला याहून वेगळे उत्तर द्यावेसे वाटत नाही.

१०० तास वाजवण्याविषयी थोडक्यात. डायनॅमिक ड्रायव्हरचा पडदा वापराने किंचित सैल होत असेल, हे मी मान्य करतो. पण त्याचा परिणाम टिप दोनदा काढून घातल्याने पडणाऱ्या फरकाच्या जवळपासही जात नाही. १०० तासांत जे खरोखर बदलते ते ऐकणाऱ्याचे मन : नवे वळण त्याच्या सवयीचे होते. या सल्ल्याचे प्रत्यक्ष नुकसान असे, की ‘अजून तास पूर्ण व्हायचे आहेत’ या समजुतीत इन-इअर परत करण्याची मुदत निघून जाते.

केबलच्या दाव्यातही सत्याचा एक कण आहे, पण तो चांदीत नसून विद्युत रोधात आहे. काही आर्मेचर इन-इअरचा रोध कंप्रतेनुसार बराच बदलतो. तो कुठे ८ ओहम आणि कुठे ४० ओहम होत असेल आणि ज्या उपकरणाला तो जोडला त्याचा अंतर्गत रोध १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे ट्युनिंगच बदलते. तोच हिशेब ०.३ ओहमच्या केबलसाठी केला तर फरक पाव डेसिबल येतो. आणि ज्याचा रोध सर्वत्र सपाट आहे अशा एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या इन-इअरमध्ये केबलमुळे आवाजाचे वळण बदलत नाही, फार तर पातळी नाममात्र कमी-जास्त होते. ट्रूथइअरने २०२३ सालच्या झिरो : रेड या इन-इअरसोबत बास वाढवण्यासाठी १० ओहमचा छोटा अडॅप्टर दिला, तो याच तत्त्वावर चालतो. रोध वापरून ट्युनिंग बदलायचे तर ते असे उघडपणे आणि मोजून करता येते. केबल तुटली, कडक झाली किंवा कपड्याला घासून खरखरू लागली तर जरूर बदलावी. चांदीच्या नावाने मात्र इन-इअरच्या निम्म्या किमतीची केबल घेऊ नये.

४० किलोहर्ट्झच्या आकड्याला याहून कमी जागा पुरेल. माणसाचे ऐकणे तरुणपणीही २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते आणि वयानुसार ही मर्यादा खाली येते. ‘हाय-रेझ’ बोधचिन्हासाठी ४० किलोहर्ट्झची क्षमता मागितली जाते, म्हणून तो आकडा खोक्यावर येतो. ३ किलोहर्ट्झला उचल योग्य आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

राहिले ‘ऐकून पाहण्याची गरज नाही’ हे विधान. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याच्या हाताशी तर एक उत्कृष्ट कसोटी आयतीच आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली तबला आणि मृदंगाच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) सुरेल पटीत कसे येतात हे दाखवले, आणि १९२१ साली तंबोऱ्याकडे लक्ष वेधले : तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद (न हलणारा बिंदू) असतो तो ऐकू येऊ नये, पण जवारीमुळे तोही तंबोऱ्यातून उमटतो. म्हणजे एका तंबोऱ्यात खर्जापासून अगदी वरपर्यंत उपस्वरांची सलग शिडी मिळते. काळी एक या पट्टीतल्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, जोड (मधल्या दोन तारा) १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून येणारा स्वयंभू गंधार ३४६ हर्ट्झच्या जवळ. बास अति फुगलेला असेल तर खर्ज इतका माजतो की गंधार त्याखाली बुडतो. मधली पट्टी खचलेली असेल तर जोड दूर जाते. ८ किलोहर्ट्झला टोक असेल तर जवारी पत्र्यासारखी वाजते.

दोन इन-इअरची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी करून घ्यावी लागते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले, की पातळी बदलली की खर्ज आणि मध्यपट्टी यांचा कानाला जाणवणारा तोल बदलतो. त्यामुळे जो जरा मोठ्याने वाजतो तोच ‘भरदार’ वाटतो, आणि सगळ्या इन-इअरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठ्याने वाजतो ते, एकसारखी नसते. गायकाचा मध्य सप्तकातला षड्ज दोहोंत सारख्याच जोराने ऐकू येईल इतका आवाज लावावा, दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा आलटून पालटून ऐकावा, आणि मध्ये चहाला उठू नये, कारण बारीक फरकांची कानाची आठवण फार थोडा वेळ टिकते. अशी तुलना केल्यावर ख्याल ऐकण्यासाठी मी वान-अर निवडला आणि एकल तबल्यासाठी झिरो. माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या एका मुलीने नेमके उलट निवडले. तिच्या कानात वान-अरची टिप माझ्यापेक्षा खोल बसते, आणि डग्गा तिला त्यातच भरीव लागतो.